मुलाचा इसब जातो आणि परत उठतो: नेमकं कुठे अडतंय?

"डॉक्टर, क्रीम लावलं की चार दिवसांत जातं, बंद केलं की आठवड्यात परत." लहान मुलांच्या इसबाची तक्रार बहुतेक याच शब्दांत येते. मूल कधी आठ महिन्यांचं असतं, कधी तीन वर्षांचं. गालांवर, कोपराच्या घडीत, गुडघ्यामागे खरखरीत चट्टे, रात्रभर खाजवणं, उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके. आईच्या पर्समधून अर्धवट पिळलेल्या तीन-चार ट्यूब टेबलावर येतात आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "याहून स्ट्राँग काही नाही का?"

स्ट्राँगची गरज क्वचित पडते. बऱ्याच घरांत योग्य औषध आधीपासूनच असतं. ते फार थोडं लावलेलं असतं, फार लवकर थांबवलेलं असतं, आणि मधल्या दिवसांत त्वचेकडे कुणाचं लक्ष नसतं. नवी ट्यूब लिहून देण्याआधी मी काय काय तपासते ते इथे साधारण त्याच क्रमाने लिहिते आहे. बाळ तीन महिन्यांहून लहान असेल, ताप असेल किंवा वजन वाढत नसेल, तर मात्र वाचत बसू नका, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

परत का येतो

इसब असलेल्या मुलाची त्वचा पाझरणाऱ्या माठासारखी असते. आतलं पाणी उडून जातं, आणि बाहेरचा साबण, धूळ, जंतू आत शिरतात. त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवणारं फिलाग्रिन नावाचं एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी दाखवला. सगळ्याच मुलांमध्ये हा दोष सापडत नाही, पण कोरडी, हुळहुळी त्वचा बहुतेकांची असते. आत शिरलेल्या गोष्टींवर प्रतिकारशक्ती चिडते, सूज येते, खाज सुटते, मूल खाजवतं आणि खाजवल्याने त्वचेला आणखी फटी पडतात.

स्टिरॉइड क्रीमने यातली सूज उतरते, त्वचेचा कोरडेपणा तसाच राहतो. शिवाय चट्टा दिसेनासा झाला तरी त्या जागी बारीक सूज धुमसत असते, आणि आपण औषध थांबवतो ते नेमकं याच टप्प्यावर. मग थंडी पडते, दात येतात, लाळ गालावर ओघळते, सर्दी होते, आणि तीच जागा पुन्हा उठते. "तीच जागा" हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

आधी पाहू, हा इसबच आहे ना

तान्ह्या बाळांना इसब गालांवर, कपाळावर, डोक्यात आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो. डायपरची जागा बहुधा सुटते. दोन वर्षांच्या पुढे तो कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्यांत, मनगटांवर, घोट्यांवर, मानेवर सरकतो. पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या मुलांचे असतात आणि त्यांत चट्टे लालबुंद दिसतात. आपल्या सावळ्या त्वचेवर ते करडे, जांभळट किंवा नुसते काळसर दिसतात, कधी काटा आल्यासारख्या बारीक पुळ्या असतात. लाल नाही म्हणजे किरकोळ आहे, हा अंदाज इथे चुकतो. डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवा. हात फिरवून खरखर आणि जाडी कळते.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या "इसबा"त मी पहिली शंका घेते ती खरजेची. घरात आणखी कुणी खाजवतंय का? भाऊ, आजी, मूल सांभाळणाऱ्या मावशी? खाज रात्री अंथरुणात गेल्यावर वाढते का? बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, मुलग्यांच्या जननेंद्रियावर पुळ्या आहेत का? तान्ह्या बाळांना खरूज तळहातांवर आणि तळपायांवरही येते. स्टिरॉइड लावलं की खरजेची खाजही चार दिवस दबते, म्हणून फसगत होते. उपचार वेगळा आहे. ५ टक्के परमेथ्रिनचं क्रीम डॉक्टर सांगतील त्या पद्धतीने घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं आणि आठवड्याने पुन्हा. एकट्या मुलाला लावून भागत नाही. कीड मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे रेंगाळते, तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं समजू नका.

गजकर्णाची कड उंच आणि मधला भाग साफ असतो, आणि स्टिरॉइडने ते पसरतं. चट्टा कमरेभोवती रेघेसारखा, घोट्याभोवती कड्यासारखा किंवा पँटच्या बटणाखाली बेंबीशीच असेल, तर करगोटा, वाळे, बटण यांच्याकडे पाहा. स्वस्त दागिन्यांतल्या निकेलची अ‍ॅलर्जी क्रीमने जात नाही. वाळे काढले की जाते. तोंडाभोवती आणि शीच्या जागेभोवती एकदम चट्टे, सोबत जुलाब आणि केस गळणं असेल, तर जस्ताची कमतरता असू शकते, तिची तपासणी लागते.

किती लावता ते करून दाखवा

हे मी खरंच करायला लावते. बहुतेक वेळा बोटावर मसुरीच्या दाण्याएवढा ठिपका येतो आणि तो दोन्ही पायांवर पसरवला जातो. "दहा ग्रॅमची ट्यूब सहा महिने पुरवली" हे काटकसर म्हणून सांगितलं जातं. रोगाच्या बाजूने पाहिलं तर त्याला औषध मिळालेलंच नसतं.

मोजायला एक सोपं माप आहे, १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मांडलेलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, सांध्याच्या रेघेपासून टोकापर्यंत, ट्यूबमधून क्रीमची सरळ ओळ काढायची. ते झालं एक माप, साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं क्रीम मोठ्या माणसाचे दोन तळहात, बोटं जुळवून, झाकतील एवढ्या जागेला पुरतं. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाच्या एका अख्ख्या हाताला एक माप आणि एका पायाला दीड लागतं. एक-दोन वर्षांच्या मुलाला हाताला दीड, पायाला दोन. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला हाताला दोन, पायाला तीन.

आता हिशेब करा. दीड वर्षाच्या मुलाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय पूर्ण भरलेत. दोन हातांची तीन मापं, दोन पायांची चार, एकूण सात. म्हणजे एका वेळेला साडेतीन ग्रॅम. दहा ग्रॅमची ट्यूब तीन दिवसांतच संपायला हवी. इसब फक्त कोपरांच्या घड्यांत असेल तर अर्थात इतकं लागत नाही. तिथे चट्ट्यावर तळहात ठेवून अंदाज घ्या.

दिवसातून किती वेळा? मध्यम किंवा तीव्र ताकदीचं स्टिरॉइड बहुतेक मुलांना एकदा पुरतं. दोनदा लावून विशेष जास्त फायदा होत नाही, आणि एकदाचं काम घरात पाळलं जातं. मॉइश्चरायझर आधी की स्टिरॉइड आधी, यावर घरोघरी वाद चालतो. कोणतंही आधी चालतं, मध्ये पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. दोन्ही वाटीत कालवून लावू नका, स्टिरॉइड पातळ होतं आणि जिथे नको तिथेही पसरतं.

थांबवायची वेळ

चट्टा दिसेनासा होणं ही थांबण्याची खूण समजू नका. डोळे मिटून हात फिरवा. चट्टा कुठे होता ते बोटांना सापडलं नाही आणि मूल शांत झोपलं, तर थांबा. अंगावर आणि हातापायांवर याला साधारण सात ते चौदा दिवस लागतात. चेहऱ्यावर आणि मानेवर सौम्य स्टिरॉइड. मध्यम लावायची वेळ आलीच तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीन ते पाच दिवस. काखेत आणि जांघेत त्वचा पातळ असते, तिथे दिवस मोजून. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तीव्र स्टिरॉइड तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय नको.

दोन आठवडे नीट लावूनही हाताला खरखर लागतच असेल, तर स्वतः आणखी चार दिवस ओढू नका. निदान चुकलं असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा औषधाची ताकद कमी पडत असेल. दाखवून घ्या.

आणि आता ती "तीच जागा". ज्या मुलांना महिन्यातून दोन-तीनदा उठतं, त्यांच्यासाठी त्वचा साफ झाल्यानंतर आठवड्यातून दोन दिवस, नेहमी उठणाऱ्या जागांवर, चट्टा नसतानाही स्टिरॉइड लावण्याची पद्धत आहे. बहुतेक घरं शनिवार-रविवार धरतात, लक्षात राहायला सोपं. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मुलांच्या इसबावरच्या २००७ सालच्या मार्गदर्शिकेत ही पद्धत दिलेली आहे. "काही नसताना स्टिरॉइड कशाला?" हा प्रश्न येतोच. दर पंधरवड्याला इसब उठून प्रत्येक वेळी आठ दिवस लावण्यापेक्षा पंधरवड्यात चार दिवस हे कमीच आहे, आणि मूल मधल्या रात्री झोपतं. किती महिने चालू ठेवायचं ते डॉक्टरांनी ठरवावं, कायमचं नसतं.

पापण्या आणि चेहरा पुन्हा पुन्हा उठत असेल तर दोन वर्षांपुढच्या मुलांना ०.०३ टक्के टॅक्रोलिमस मलम देतात. ते स्टिरॉइड नाही, त्वचा पातळ करत नाही. पहिले काही दिवस झोंबतं, आणि हे आधी सांगितलं नाही तर ट्यूब दुसऱ्याच दिवशी कचऱ्यात जाते.

स्टिरॉइडची भीती आणि मेडिकलवाल्याची ट्यूब

एकाच घरात दोन्ही टोकं सापडतात. डॉक्टरांनी लिहिलेलं सौम्य क्रीम "त्यात स्टिरॉइड आहे" म्हणून कपाटात पडून असतं, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून "खाजेचं काहीतरी द्या" म्हणून आणलेली ट्यूब बिनधास्त लावली जाते. त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली तर बऱ्याचदा क्लोबेटासोल, सोबत एखादं अँटिबायोटिक आणि एखादं बुरशीविरोधी औषध असं कडबोळं निघतं. क्लोबेटासोल सगळ्यात वरच्या पायरीचं स्टिरॉइड आहे. बाळाच्या गालावर ते जायलाच नको.

टक्क्यांवरून ताकद ओळखू नका. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन सौम्य आहे आणि ०.०५ टक्के क्लोबेटासोल अतितीव्र. मोमेटासोन, फ्लुटिकासोन आणि बीटामेथासोन व्हॅलरेट मधल्या-वरच्या पायऱ्यांवर, डेसोनाइड खालच्या. आकडा छोटा म्हणून औषध सौम्य ठरत नाही. ट्यूबवरचं नाव वाचा.

नीट वापरलेल्या क्रीमने त्वचा पातळ होण्याची भीती वाटते तेवढी खरी नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२२ सालच्या आढाव्यात, थोड्या काळाच्या वापरात त्वचा पातळ झाल्याची नोंद सुमारे १ टक्का रुग्णांत होती, आणि तीही मुख्यतः जास्त ताकदीच्या औषधांनी. महिनोन्‌महिने चेहऱ्यावर अतितीव्र क्रीम चोळल्याने मात्र त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, लव वाढते, आणि बंद करताच पूर्वीपेक्षा जास्त भडकते. असं क्रीम बरेच महिने लावलं असेल तर स्वतः एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून उतरवा. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक स्टिरॉइड क्रीमना चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या यादीत, शेड्यूल एचमध्ये, टाकलं. दुकानात ते किती पाळलं जातं हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे.

डबीवर घटक लिहिलेले नाहीत आणि "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून दिलेलं मलम दोन दिवसांत चमत्कार करतंय, तर संशय घ्या. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला २००३ मध्ये इसब असलेल्या मुलांना लावल्या जाणाऱ्या २४ हर्बल क्रीमची तपासणी झाली, त्यातल्या २० मध्ये स्टिरॉइड निघालं. पुडीतल्या बिननावाच्या गोळ्यांचंही तसंच. पोटात जाणाऱ्या स्टिरॉइडने इसब झटक्यात बसतो आणि गोळी थांबली की दुप्पट उसळतो.

मॉइश्चरायझर: बादलीने लागतं, आपण चमच्याने लावतो

नाइसच्या हिशेबाने इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत थोडं कमी चालेल, पण महिन्याला एक शंभर ग्रॅमची बाटली हे कुठेच पुरत नाही. इथे पैशाचा प्रश्न येतो, आणि तो खरा आहे. सुदैवाने २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर झालेल्या अभ्यासात लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट या चारांत इसब आटोक्यात ठेवण्याच्या बाबतीत फरक आढळला नाही. तेव्हा परदेशी ब्रँडच्या मागे लागू नका. बिनवासाचं, मुलाला न झोंबणारं आणि हात आखडता न घेता लावता येईल एवढ्या किमतीचं निवडा. साधी पेट्रोलियम जेलीसुद्धा चांगली. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत ती छान चालते. रत्नागिरीच्या मे महिन्यात तीच जेली फासली तर घामोळं आणि पुटकुळ्या येतात, तिथे पातळ क्रीम किंवा लोशन बरं. ऋतू बदलला की डबा बदला.

दिवसातून दोनदा तरी, अख्ख्या अंगाला, इसब नसलेल्या दिवसांतही. पॅराफिन असलेली क्रीम कपड्यांत मुरली की कपडा सहज पेट घेतो, म्हणून दिवाळीत पणत्या आणि फुलबाज्यांजवळ लक्ष ठेवा, आणि चादरी-कपडे वेळच्या वेळी धुवा.

अंघोळ हा आपल्याकडचा नाजूक विषय, कारण तिथे आजी असतात. कढत पाणी, डाळीचं पीठ, साय-हळद, खसखसून चोळणं आणि वर ओव्याची धुरी. निरोगी बाळ हे सगळं सोसतं. इसबाच्या बाळाच्या त्वचेला चोळणं, गरम पाणी आणि धूर तिन्ही त्रास देतात. आजींना "तुमचं चुकतंय" म्हणून काही होत नाही. मालिश चालू ठेवा, फक्त हलक्या हाताने आणि पीठ न लावता, असं सांगितलं की बहुधा जमतं. मोहरीचं आणि ऑलिव्ह तेल टाळा. ऑलिव्ह तेल त्वचेचा वरचा थर बिघडवतं हे २०१३ साली इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांवर केलेल्या प्रयोगात दिसलं. खोबरेल त्या मानाने भलं. फिलिपिन्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इसब असलेल्या मुलांना व्हर्जिन खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा जास्त मानवलं. पण सुजलेल्या, ओल्या चट्ट्यावर नुसतं खोबरेल पुरणार नाही.

अंघोळ रोज चालते. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, साबणाऐवजी सौम्य क्लेन्झर आणि तेही लागेल तिथेच. पाण्यात अँटिसेप्टिकचं झाकण ओतू नका. कडुलिंबाचा पाला झोंबत असेल तर तोही बंद. टॉवेलने टिपून घ्यायचं, आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर. अंघोळीच्या पाण्यात टाकायची महागडी तेलं मिळतात. २०१८ साली ब्रिटनमधल्या ४८२ मुलांवरच्या अभ्यासात त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही. ते पैसे अंगावर लावायच्या क्रीमवर घाला. बोअरचं पाणी जड आहे म्हणून वॉटर सॉफ्टनर बसवायच्या विचारात असाल तर तेही थांबवा. ३३६ मुलांवरच्या २०११ च्या चाचणीत सॉफ्टनरने इसबात फरक पडला नाही.

नरक चतुर्दशीच्या पहाटे उटण्याने अभ्यंगस्नान आणि मग नवा, न धुतलेला, जरीचा कुर्ता, यानंतरच्या आठवड्यात दवाखान्यात गर्दी होते. तेलाचं बोट लावा, ओवाळा, उटणं वगळा, कुर्ता आधी धुऊन घ्या आणि आतून सुती बनियन घाला. लोकरीच्या स्वेटरखालीही तेच.

खाणं

वांगं बंद, शेंगदाणे बंद, अंडं बंद, आंबट बंद, दूध बंद. अंगावर पाजणारी आई फक्त मुगाच्या खिचडीवर. एवढं करूनही इसब तिथेच, कारण बहुतेक मुलांचा इसब खाण्याने सुरू होत नाही. खाण्याची खरी अ‍ॅलर्जी काही मुलांना असते, विशेषतः लहान वयात ज्यांचा इसब तीव्र असतो त्यांना. ती ओळखू येते: पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, क्वचित श्वास लागतो. असं झालं असेल तर तो पदार्थ थांबवा आणि दाखवा. श्वास लागला तर लगेच हॉस्पिटल.

रक्ताच्या "अ‍ॅलर्जी पॅनेल"वर पैसे घालवण्याआधी विचारा की रिपोर्टमुळे उपचारात काय बदलणार आहे. इसबाच्या मुलांच्या रक्तात अनेक पदार्थांची अँटिबॉडी सापडते, आणि तेच पदार्थ मूल मजेत पचवत असतं. रिपोर्टमधल्या लाल रेघा पाहून वीस पदार्थ बंद केलेली, वजन घसरलेली मुलं मी पाहते, आणि मला त्यांची इसबापेक्षा जास्त काळजी वाटते.

शेंगदाण्याचं तर उलटंच निघालं. २०१५ साली लंडनमधून प्रसिद्ध झालेल्या ६४० बाळांवरच्या अभ्यासात, तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना लहानपणीच नियमित शेंगदाणा देत राहिल्याने पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली. तीव्र इसब असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारून करा, आणि द्यायचं ते पातळ पेस्ट किंवा बारीक कूट पेजेत मिसळून. अख्खा दाणा घशात अडकतो, पाच वर्षांपर्यंत नकोच.

"दाबलं तर दमा होईल"

हे वाक्य शिकलेल्या घरांतही ऐकू येतं. इसब असलेल्या काही मुलांना पुढे दमा किंवा शिंका-सर्दीची अ‍ॅलर्जी होते, हे खरं. पण ती एकाच प्रकृतीची भावंडं आहेत. क्रीम लावल्याने रोग आत शिरत नाही. उपचार न केलेल्या मुलांनाही दमा होतोच.

चट्टा बरा झाल्यावर राहणाऱ्या पांढुरक्या डागांचंही खापर क्रीमवर फुटतं. सुजेनंतर सावळ्या त्वचेचा रंग काही महिने फिका किंवा गडद राहतो, मग भरून येतो. ते कोड नव्हे. गालावरच्या फिकट, किंचित खवलेदार डागांना "कॅल्शियम कमी" किंवा "जंत" म्हणून बाटल्या पाजल्या जातात. तिथे मॉइश्चरायझर आणि उन्हात टोपी एवढं बहुतेक वेळा पुरतं.

अचानक बिघडलं तर

चट्ट्यातून पाणी सुटून मधाच्या रंगाची खपली धरत असेल, दुखत असेल, ताप असेल, तर जंतुसंसर्ग समजून दोन दिवसांत दाखवा. नुसत्या थोड्याशा ओलाव्यासाठी दर वेळी अँटिबायोटिक लागत नाही.

एक गोष्ट मात्र त्याच रात्री हॉस्पिटलची. इसबाच्या जागी एकसारख्या आकाराचे, पाणी भरलेले बारीक फोड घोळक्याने उठतात, फुटून पंचाने पाडल्यासारखे गोल खड्डे पडतात, मूल तापाने आणि वेदनेने मलूल होतं. हा हर्पिसचा विषाणू आहे आणि त्याला असायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध वेळेवर लागतं. डोळ्याजवळ असेल तर आणखी घाई. अशा वेळी स्टिरॉइड लावत बसू नका. याच विषाणूने ओठावर पाणीदार फोड येतात, तसे आलेल्या पाहुण्यांना बाळाचे पापे घेऊ देऊ नका. लोकांना राग येतो, येऊ द्या.

सगळं नीट करूनही

मग आजारच जोरात आहे. रात्री क्रीमवर ओल्या पट्ट्या गुंडाळणं, अतिनील किरण, पोटातून द्यायची औषधं, आणि २०२२ पासून अमेरिकेत सहा महिन्यांच्या बाळापासून मान्य झालेलं डुपिलुमॅबचं इंजेक्शन, हे सगळे रस्ते त्वचारोगतज्ज्ञांकडे आहेत. डुपिलुमॅब खूप महाग पडतं, ही गोष्ट आधी माहीत असलेली बरी. खाजेचं गुंगी आणणारं सिरप इसब बरा करत नाही. फार तर चार वाईट रात्री काढायला, तेही वयाप्रमाणे डॉक्टरांनी दिलं तरच.

भेटीला जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब घेऊन जा, मेडिकलमधून आणलेल्या आणि लपवाव्याशा वाटणाऱ्याही. सर्वांत वाईट दिवसाचे फोटो खिडकीच्या उजेडात काढून ठेवा, कारण भेटीच्या दिवशी इसब हमखास शहाण्यासारखा वागतो. आणि चिठ्ठी हातात आल्यावर उठण्याआधी विचारून लिहून घ्या: कोणतं क्रीम कोणत्या जागी, किती मापं, किती दिवस, आणि चट्टा गेल्यावर शनिवार-रविवारी काय.